मनगटावरचा बँड आणि नवा मोबाइल : जुळणी तपासायची कशी?

लाखनी तालुक्यातील एका शाळेत शिकवणाऱ्या आमच्या एक सहकारी बाई मधुमेहामुळे रोज पहाटे चालायला जातात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी पावले मोजणारा बँड घेतला. दर तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जाताना रक्तातील साखरेच्या अहवालाबरोबर त्या चालण्याची नोंदही मोबाइलवर दाखवतात. ‘साखर वाढली त्या महिन्यात चालणे किती झाले?’ या प्रश्नाचे उत्तर त्या नोंदीत असते.

गेल्या उन्हाळ्यात बाईंनी नवा मोबाइल घेतला आणि बँड त्याच्याशी जुळेना. शोधयंत्रणा सुरू केली की पडद्यावर चाक फिरत राही आणि शेवटी ‘उपकरण सापडले नाही’ असे उत्तर येई. दुकानदाराने सांगितले, “बाई, हा बँड जुना झाला. नव्या मोबाइलला चालत नाही. नवीन घेऊन टाका.” घरातल्या कोणी तरी सुचवले, की बँडमधले सगळे पुसून तो पहिल्यापासून सुरू करावा. बाईंनी यांपैकी काहीच केले नाही. बँड घेऊन त्या शाळेत आल्या आणि आम्हा विज्ञान शिक्षकांपुढे ठेवला.

बँड बिघडला आहे काय, मोबाइल बिघडला आहे काय, की दोन्ही ठीक असून त्यांचे जुळत नाही? हे ठरवायला फार ज्ञान लागत नाही. प्रयोगशाळेत आपण मुलांना जी शिस्त शिकवतो तीच पुरते. मोठ्या प्रश्नाचे लहान प्रश्न करायचे, ते क्रमाने विचारायचे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

एका प्रश्नाचे चार प्रश्न

‘हा बँड या मोबाइलला चालतो का?’ हा प्रश्न एक दिसतो, पण त्यात चार प्रश्न दडलेले असतात. घरच्या जुन्या टेलिफोनचे उदाहरण घेऊ. आपण नंबर फिरवतो. पहिला प्रश्न, तार जोडलेली आहे का? दुसरा, पलीकडचा माणूस मोकळा आहे की दुसऱ्याशी बोलतो आहे? तिसरा, तो बोलतो ती भाषा आपल्याला समजते का? आणि चौथा, तो सांगतो ते खरे आहे का? बँड आणि मोबाइल यांच्यातही हेच चार टप्पे असतात. पहिला अडला तर पुढचे तपासण्यात अर्थ नसतो. तिसरा पार पडला म्हणून चौथा आपोआप पार पडला, असेही होत नाही.

पहिला प्रश्न : तार जोडलेली आहे का?

इथली ‘तार’ म्हणजे ब्लूटूथ रेडिओ. एरिक्सन या स्वीडिश कंपनीत १९९४ च्या सुमारास या तंत्रावर काम सुरू झाले आणि १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी त्यासाठी मंडळ स्थापले. दहाव्या शतकातील हॅराल्ड ब्लूटूथ या डॅनिश राजाने विखुरलेल्या टोळ्या एकत्र आणल्या, म्हणून वेगवेगळ्या यंत्रांना एकत्र आणणाऱ्या तंत्राला त्याचे नाव दिले गेले.

या रेडिओची वारंवारिता सुमारे २.४ गिगाहर्ट्झ असते. प्रकाशाच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला ३० कोटी मीटरला, २४० कोटींनी भागले की तरंगलांबी मिळते. ती साडेबारा सेंटिमीटर येते. वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्याच्या आसपास काम करतात. भारतात अल्पशक्तीच्या उपकरणांना हा पट्टा वापरायला परवान्याची गरज नाही. तशी सूट २००५ च्या नियमांनी मिळाली आहे.

आता महत्त्वाचा मुद्दा. ब्लूटूथ नावाखाली खरे तर दोन वेगळे रेडिओ आहेत. पहिला मूळचा. तो गाणी, संभाषण असा सतत वाहणारा मजकूर नेतो. दुसरा २०१० मध्ये आवृत्ती ४.० बरोबर आला. त्याला ‘लो एनर्जी’ म्हणतात. तो बहुतेक वेळ झोपलेला असतो, थोड्या थोड्या वेळाने जागा होऊन छोटा संदेश देतो आणि पुन्हा झोपतो. म्हणून लहानशा बॅटरीवर बँड अनेक दिवस चालतो. बहुतेक बँड हाच दुसरा रेडिओ वापरतात. त्यामुळे आवृत्ती ३.० पर्यंतचाच ब्लूटूथ असलेल्या मोबाइलला अशा बँडचे काहीही ऐकू येत नाही. अँड्रॉइड प्रणालीत या रेडिओची सोय २०१३ च्या ४.३ आवृत्तीपासून आली.

पण इथे दुकानदाराचे म्हणणे उलटे पडते. नवीन आवृत्तीचा मोबाइल जुन्या ‘लो एनर्जी’ बँडला सोडून देत नाही. ब्लूटूथ ५ असलेला मोबाइल ४.० च्या बँडशी बोलू शकतो. मोबाइल नवा आणि बँड जुना असेल, तर दोष रेडिओच्या आवृत्तीत असण्याचा संभव कमी असतो. मोबाइल जुना आणि बँड नवा असेल, तर आवृत्ती आधी पाहावी.

रेडिओ बोलतो आहे की नाही हे स्वतंत्रपणे तपासता येते. त्यासाठी आसपासची सर्व ‘लो एनर्जी’ उपकरणे दाखवणारे सर्वसाधारण अॅप वापरावे. नॉर्डिक सेमीकंडक्टर या नॉर्वेतील कंपनीचे ‘एनआरएफ कनेक्ट’ हे त्यांपैकी एक. ते विनामूल्य आहे. त्यात प्रत्येक उपकरणापुढे उणे ५०, उणे ८५ असा आकडा दिसतो. तो मिळालेल्या संकेताची शक्ती सांगतो. मापनश्रेणी लॉगरिथमची आहे. शून्य म्हणजे एक मिलिवॅट आणि दर दहा अंकांनी खाली गेले की शक्ती दहापट कमी. उणे ६० म्हणजे मिलिवॅटचा दहा लाखावा भाग. एवढ्या क्षीण संकेतावरही मोबाइलचे काम चालते.

आम्ही शाळेत एका शिक्षकाच्या मोबाइलवर हे अॅप उघडले. बाईंचा बँड यादीत लगेच दिसला. म्हणजे बँड जिवंत होता आणि बोलत होता. मग बाईंच्या नव्या मोबाइलवर पाहिले. तिथेही दिसला! बाई म्हणाल्या, “घरी तर एकदाही दिसला नाही.”

दुसरा प्रश्न : पलीकडचा मोकळा आहे का?

बँड तोच, मोबाइलही तोच. शाळेत दिसतो आणि घरी दिसत नाही. मग बदलले काय? जागा. घरी असे काय होते, जे शाळेत नव्हते?

उत्तराकडे जाण्याआधी मौनाविषयी थोडे सांगायला हवे. प्रेषकाकडून संकेत आला तर काही तरी निश्चित कळते. संकेत आला नाही तर मात्र एकाहून अधिक कारणे शिल्लक राहतात. भंडारा जिल्ह्याला याचा एक दुःखद अनुभव आहे. नागझिऱ्यातून निघून २०१३ मध्ये उमरेड–पवनी–कऱ्हांडला अभयारण्यात आलेल्या ‘जय’ या वाघाच्या गळ्यात रेडिओ पट्टा बांधलेला होता. एप्रिल २०१६ नंतर त्या पट्ट्याचे संकेत मिळेनासे झाले आणि मोठा शोध घेऊनही जय पुन्हा दिसला नाही. पट्टा बिघडला, वाघ दूर निघून गेला की वाघच उरला नाही? नुसत्या मौनावरून यांतले एकही ठरवता येत नव्हते. बँडची गोष्ट त्यामानाने क्षुल्लक, पण तर्क तोच आहे. ‘उपकरण सापडले नाही’ याचा अर्थ ‘उपकरण बिघडले’ असा होत नाही.

बँड मोकळा असतो तेव्हा तो ‘मी इथे आहे’ अशी जाहिरात करत राहतो. त्यासाठी ‘लो एनर्जी’च्या ४० वाहिन्यांपैकी ३ खास राखून ठेवल्या आहेत. एकदा तो एखाद्या मोबाइलशी जोडला गेला, की बहुतेक बँड ही जाहिरात थांबवतात. मग दुसऱ्या कोणालाही ते दिसत नाहीत. शिवाय पहिल्या जोडणीच्या वेळी दोघांनी एक गुप्त किल्ली ठरवून जपून ठेवलेली असते. त्यामुळे जुना मोबाइल जवळ आला, की बँड आपण न सांगता त्याच्याशी जोडला जातो.

आम्ही बाईंना विचारले, “जुना मोबाइल कुठे आहे?” बाई म्हणाल्या, “नातवाला दिला. गेम खेळतो त्याच्यावर.”

कोडे सुटले. जुना मोबाइल घरातच होता, त्याचे ब्लूटूथ सुरू होते आणि बँड त्याच्याशी इमानाने बोलत होता. बाई नव्या मोबाइलवर बँड शोधत होत्या तेव्हा तो शेजारच्या खोलीतल्या जुन्या मोबाइलला पावले सांगत होता. शाळेत जुना मोबाइल टप्प्याबाहेर राहिला, बँड मोकळा झाला आणि दिसू लागला.

यावरून पहिला व्यावहारिक नियम निघतो. बँड सापडत नसेल तर आधी त्याला पूर्वी जोडलेला प्रत्येक मोबाइल किंवा टॅबलेट शोधावा आणि त्याचे ब्लूटूथ बंद करावे.

दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा. जोडणी बदलण्याआधी जुनी नोंद सुरक्षित करावी. नातवाला दिलेल्या मोबाइलमधले सिमकार्ड काढलेले होते, त्यामुळे त्याला इंटरनेट मिळत नव्हते. बँडकडून आलेली तीन आठवड्यांची पावले त्या मोबाइलमध्येच पडून होती, बाईंच्या खात्यात पोचली नव्हती. घाईने बँड पुसला असता आणि जुन्या मोबाइलवरचे अॅप काढून टाकले असते, तर तो काळ नोंदीतून कायमचा गेला असता. आम्ही बाईंना क्रम सांगितला : नव्या मोबाइलचा हॉटस्पॉट जुन्याला द्यावा, जुन्यावरील अॅप उघडून नोंद खात्यात चढू द्यावी, मग त्याच अॅपमधून बँडची जोडणी सोडवावी आणि शेवटी नव्या मोबाइलवर त्याच खात्याने प्रवेश करून बँड जोडावा.

तिसरा प्रश्न : भाषा समजते का?

बाईंचे काम इथे झाले, पण सर्वांचे होत नाही. बँड यादीत दिसतो आणि तरी जुळत नाही, असेही घडते. त्याचे कारण बहुधा भाषा असते.

ब्लूटूथमध्ये काही माहितीसाठी सर्वांनी मान्य केलेले क्रमांक आहेत. हृदयाच्या ठोक्यांच्या सेवेचा क्रमांक १८०डी, बॅटरीच्या सेवेचा १८०एफ. हे अंक सोळाच्या पायावरचे आहेत. १८०डी दशमान पद्धतीत किती, हे विद्यार्थ्यांना काढायला सांगावे. (१ × ४०९६ + ८ × २५६ + ० × १६ + १३ = ६१५७.) अशी प्रमाण भाषा बोलणारे उपकरण कोणत्याही कंपनीच्या अॅपला समजते. पावले आणि झोप यांचे आकडे मात्र बहुतेक उत्पादक आपापल्या खाजगी भाषेत पाठवतात. तिथे त्या उत्पादकाचे अॅप हा दुभाषा लागतोच. म्हणून मोबाइलच्या ब्लूटूथ यादीतून बँड थेट जोडला तरी आकडे मिळत नाहीत. जोडणी अॅपमधूनच करावी लागते.

हा दुभाषा नव्या मोबाइलवर काम करील का, हे तीन ठिकाणी तपासावे.

एक, अॅप नव्या मोबाइलवर चढते का? फार जुनी अॅप नव्या मोबाइलवर चढत नाहीत. अँड्रॉइड ६ पूर्वीच्या आवृत्त्यांसाठी लिहिलेली आणि पुढे न सुधारलेली अॅप अँड्रॉइड १४ स्वीकारत नाही. २०२२ च्या पिक्सेल ७ या मोबाइलवर ३२ बिटांची जुनी अॅप चालतच नाहीत. म्हणजे मोबाइल अधिक नवा असल्यानेही अडू शकते.

दोन, परवानग्या दिल्या आहेत का? जुन्या मोबाइलवर त्या आपण केव्हा तरी दिलेल्या असतात आणि विसरलेलो असतो. नवा मोबाइल सगळे पुन्हा विचारतो. अँड्रॉइड ६ ते ११ मध्ये ब्लूटूथ उपकरणे शोधण्यासाठी स्थानाची परवानगी लागते. हे विचित्र वाटते, पण त्याला कारण आहे : आसपास कोणती उपकरणे आहेत यावरून तुम्ही कुठे आहात याचा अंदाज करता येतो. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून जवळची उपकरणे शोधण्याची वेगळी परवानगी आली. घाईत ‘नाही’ दाबले असेल तर बँड समोर असूनही अॅपला तो दिसत नाही. बॅटरी वाचवण्याची सोय सुरू असेल तर मोबाइल अॅपला मधूनच झोपवतो आणि सकाळी जुळलेला बँड दुपारी तुटलेला दिसतो.

तीन, अॅपच्या मागची सेवा जिवंत आहे का? पेबल या मनगटी घड्याळाची कंपनी डिसेंबर २०१६ मध्ये बंद झाली आणि तिच्या सेवा जून २०१८ मध्ये थांबल्या. घड्याळे धडधाकट होती, पण त्यांच्या पाठीमागचा आधार गेला. पुढे ती वापरणाऱ्यांनीच ‘रेबल’ नावाने पर्यायी सेवा उभी केली, म्हणून अनेक घड्याळे कचऱ्यात जाण्यापासून वाचली.

हे तीनही मुद्दे नवा मोबाइल घेण्यापूर्वीच पाहता येतात. अॅपच्या माहितीपानावर किमान कोणती अँड्रॉइड आवृत्ती लागते आणि आपला बँड त्यांच्या यादीत आहे का, हे वाचायला पाच मिनिटे लागतात.

चौथा प्रश्न : सांगतो ते खरे आहे का?

बँड जुळला की लोक समाधानाने थांबतात. खरी तपासणी इथून सुरू होते.

पावले मोजण्याचे काम बँडमधला त्वरणमापक करतो. हात पुढेमागे हलला की त्वरण ठरावीक तालात बदलते आणि त्या तालावरून पाऊल ओळखले जाते. मोबाइल बदलल्याने हा भाग बदलत नाही. अंतर मात्र बदलू शकते. बँडला अंतर मोजता येत नाही. पावलांची संख्या आणि पावलाची लांबी यांचा गुणाकार करून ते काढले जाते, आणि लांबी अॅपमध्ये नोंदवलेल्या उंचीवरून धरतात. समजा, जुन्या मोबाइलवर पावलाची लांबी ०.६ मीटर धरली होती आणि नव्यावर उंची भरायची राहिल्याने ०.७ मीटर धरली गेली. तर तीच १००० पावले ६०० ऐवजी ७०० मीटर होतील. पाय तेच, रस्ताही तोच. वाढ फक्त गणितातली! म्हणून नव्या मोबाइलवर उंची, वजन, वय आणि घड्याळाची वेळ आधी तपासावी.

त्वरणमापकाची मर्यादाही समजून घ्यावी. बँड पाय पाहत नाही, मनगट पाहतो. सायकल हातात धरून चालले तर हात स्थिर राहतात आणि पावले कमी मोजली जातात. आपल्या धानाच्या जिल्ह्यात पावसाळ्यात रोवणी करणाऱ्या बाया दिवसभर चिखलात वाकून उलट्या सरकत असतात. चालण्याच्या तालावर बेतलेल्या यंत्राला त्या श्रमाचे माप घेता येईल, असे मानायला आधार नाही. पडद्यावरचा आकडा लहान म्हणून श्रम लहान, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. दिवसाला १०,००० पावले हा आकडाही एखाद्या संशोधनातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानात विक्रीला आलेल्या ‘मानपो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचे मापक’, या यंत्राच्या नावातून तो रूढ झाला.

वर्गात करून पहा

१. पावलांची चूक : मैदानावर २०० पावले मनात मोजत चाला. चालण्याआधीचा आणि नंतरचा बँडचा आकडा लिहा. दोहोंतील फरकातून २०० वजा करा, उरलेल्याला २०० ने भागा आणि १०० ने गुणा. बँडने १९० दाखवली तर चूक उणे ५ टक्के. पाच वेळा करून सरासरी घ्या. नंतर हात खिशात ठेवून, मग दप्तर दोन्ही हातांनी छातीशी धरून तोच प्रयोग करा.

२. नाडीची तुलना : अनेक बँड हिरव्या प्रकाशाने नाडी मोजतात. रक्त हिरवा प्रकाश शोषते, म्हणून प्रत्येक ठोक्याबरोबर परतणारा प्रकाश कमीजास्त होतो. बोटांनी नाडी ३० सेकंद मोजा, दुप्पट करा आणि त्याच वेळच्या बँडच्या आकड्याशी ताडून पहा. आधी बसून, मग मैदानाला एक फेरी मारून.

३. पितळी डबा : भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. घट्ट झाकणाचा पितळी डबा आणा. बँडला पूर्वी जोडलेल्या मोबाइलचे ब्लूटूथ बंद करा, म्हणजे बँड जाहिरात करू लागेल. दुसऱ्या मोबाइलवर संकेतशक्ती दाखवणारे अॅप उघडून बँड टेबलावर, वहीखाली, मुठीत, प्लॅस्टिकच्या डब्यात आणि शेवटी पितळी डब्यात ठेवा. प्रत्येक वेळचा आकडा लिहा. धातू आणि पाणी धरून ठेवणारे शरीर हे तरंग अडवतात, हे मुलांना आकड्यांतून दिसेल. झाकणाला फट ठेवली तर काय होते, तेही पहा.

या प्रयोगांना एकच बँड पुरतो आणि तो सर्वांत स्वस्त असला तरी चालतो. मात्र बँड हे वैद्यकीय उपकरण नव्हे, हे मुलांना आवर्जून सांगावे. आकडा विचित्र दिसला तर आधी पुन्हा मोजावे. तब्येतीत तक्रार असेल तर बँड काहीही सांगो, डॉक्टरांकडे जावे.

बाईंनी त्या संध्याकाळी नातवाकडून तासभर मोबाइल मागून घेतला आणि सांगितलेल्या क्रमाने सर्व केले. तीन आठवड्यांची पावले खात्यात चढली. दुसऱ्या दिवशी शाळेत येताच त्यांनी २०० पावलांचा प्रयोग केला. बँडने १९४ दाखवली. उणे ३ टक्के. “म्हणजे हा मला थोडे कमीच मोजतो,” बाई म्हणाल्या. जुना बँड त्यांच्या मनगटावर अजून आहे. दुरुस्ती अशी कशाचीच करावी लागली नाही. फक्त ‘बिघडले’ म्हणण्याआधी ‘नेमके कुठे अडले?’ असे विचारावे लागले.